थकलेलं भाडं आणि दारावर डकवलेली नोटीस

पुण्यातल्या एका पेठेतून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्यातलं थोडक्यात असं : सासऱ्यांच्या काळापासून त्यांचं कुटुंब एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहतं. भाडं महिना १,८०० रुपये, पावती अजून सासऱ्यांच्याच नावावर. सासरे सहा वर्षांपूर्वी गेले. गेल्या वर्षी मे महिन्यात पतीची छापखान्यातली नोकरी सुटली आणि चार महिने भाडं देता आलं नाही. त्याच सुमारास म्हातारे मालक वारले. पाचव्या महिन्यात ताई मुलाकडे ५,४०० रुपये घेऊन गेल्या, तर तो म्हणाला, "राहू द्या वहिनी, कागद नावावर होईपर्यंत मला पावती देता येणार नाही." पुढेही दोनदा त्यानं तेच सांगितलं. असं करत जूनअखेर १४ महिने थकले. ३ जुलैला वकिलाची नोटीस टपालानं आली. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून ती घेतली नाही. मग १९ जुलैला तीच नोटीस दारावर डकवली गेली : थकबाकी भरा आणि १५ दिवसांत जागा खाली करा. आता मालकांचा मुलगा म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर जागा सोडल्याची सही करा, थकबाकी माफ करतो, वर एक लाख देतो. एकदा पाण्याची मोटारही दिवसभर बंद ठेवली. दिरांचा सल्ला उलटा आहे : एक पैसा देऊ नका, भाडेकरूला कोणी काढत नाही, केस वीस वर्षं चालेल. ताई विचारतात, "चूक आमचीच आहे. थकबाकीदाराला कसला आलाय हक्क? सही करून मोकळं व्हावं का?"

ताई,

तुमच्या पत्रात 'लाज' हा शब्द पाच वेळा आला आहे. दारावर नोटीस लागल्यापासून दहावीतली मुलगी मैत्रिणींना घरी आणत नाही, हे तुम्ही लिहिलंत तिथे मी बराच वेळ थांबले. म्हणून कायद्याचं सांगण्याआधी एक सांगते. चार महिने भाडं थकणं ही अडचण होती. पुढचे दहा महिने थकले ते तुम्ही पैसे हातात घेऊन गेला असताना. त्या दहा महिन्यांची लाज तुम्ही का बाळगायची?

आता सहीचं. या आठवड्यात कशावरही सही करू नका. स्टॅम्प पेपरवर नको, कोऱ्या कागदावर नको, 'फक्त नोटीस मिळाल्याची' म्हणून समोर ठेवलेल्या कागदावरही वाचल्याशिवाय नको. बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येईल. जागा सोडल्याची सही मागे घेणं फार अवघड असतं.

"थकबाकीदाराला कसला हक्क?" या तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की भाडं थकलं त्या दिवशी भाडेकरूपण संपलं. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तुमच्या वाड्यालाही लागू आहे. त्याचं कलम १५ थकलेल्या भाड्याबद्दलच आहे. भाडेकरू भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही, असं ते कलम सुरुवातीलाच म्हणतं. थकबाकीवरून दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात ही मुदत एक महिन्याची होती. म्हणजे तुमच्या दारावरच्या कागदात '१५ दिवस' लिहिलं असलं, तरी थकबाकी भरायला तुम्हाला ९० दिवस आहेत.

नोटीस म्हणजे मालकाच्या वकिलानं लिहिलेलं पत्र. जागा खाली करण्याचा हुकूम फक्त न्यायालय देतं, तोही दावा चालवून, तुमचं म्हणणं ऐकून. आणि नोटीस न घेतल्यानं ती टळत नाही. शेजाऱ्यांनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण पोस्टमननं पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला की न्यायालय सहसा नोटीस मिळाली असंच धरतं. म्हणून तुमचे ९० दिवस १९ जुलैपासून मोजू नका, ३ जुलैपासून मोजा. ते १ ऑक्टोबरला भरतात. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा, पण काम सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

ती नोटीस फाडूनही टाकू नका, कारण ती तुमच्याही उपयोगाची आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नोटिशीवर तुमच्या पतीचं नाव आहे आणि त्यापुढे 'भाडेकरू' असं स्पष्ट लिहिलं आहे. पावती सासऱ्यांच्या नावावर असल्याची तुम्हाला जी धाकधूक आहे, तिच्यावर मालकाच्या बाजूनंच अर्धं उत्तर दिलं आहे. उरलेलं अर्धं कायद्यात आहे : भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क येतो. सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, त्या काळातलं रेशनकार्ड, मतदार यादीतली नावं, लाइटबिलं, मुलीच्या शाळेतला पत्ता, एवढं जमवून ठेवा.

आता आकडे. नोटिशीत भाडं २,५०० रुपये धरून १४ महिन्यांचे ३५,००० मागितले आहेत. तुमच्या पावत्या १,८०० च्या आहेत, म्हणजे थकबाकी २५,२०० होते. जुलैचं भाडं धरून २७,०००. कायद्यानं मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ मागता येते. १,८०० वर ती ७२ रुपये. ७०० रुपयांची वाढ कुठून आली, हे तुमच्या उत्तरात विचारायलाच हवं. पण वकिलाला विचारून हेही ठरवा, की वादाची रक्कमसुद्धा 'आक्षेप राखून' भरून टाकावी का. न्यायालयानं उद्या मालकाचा आकडा बरोबर धरला, तर दहा हजारांच्या फरकापायी घर पणाला लागलेलं असायला नको.

पैसे रोख देऊ नका. नोटीस ज्याच्या वतीनं आली आहे त्याच्या नावानं डीडी काढा, सोबत एक साधं पत्र लिहा : अमुक महिन्यांपासून तमुक महिन्यांपर्यंतचं भाडं पाठवत आहोत. याआधी अमुक तारखांना स्वतः घेऊन आलो होतो, आपण स्वीकारलं नाही. यापुढेही दरमहा देण्यास तयार आहोत. पावती द्यावी. पत्राची झेरॉक्स ठेवा आणि पाकीट स्पीड पोस्टनं पाठवा. पाकीट नाकारून परत आलं तर ते उघडू नका. शेऱ्यासकट, बंदच्या बंद जपून ठेवा. तुम्ही ५,४०० रुपये घेऊन गेलात ते कोणी पाहिलं नाही म्हणून तुम्ही हळहळता आहात. ते परत आलेलं बंद पाकीट त्याहून मोठा साक्षीदार ठरेल. नोटिशीचं उत्तर मात्र वेगळं, वकिलाकडूनच जाऊ द्या. उत्तर न देणं म्हणजे त्यातला प्रत्येक मजकूर कबूल केल्यासारखं दिसतं.

पावतीचं एक सांगते. भाडं घेतल्यावर पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. 'कागद नावावर होईपर्यंत पावती नाही' म्हणून भाडं नाकारत राहायचं, आणि मग त्याच न घेतलेल्या भाड्याची थकबाकी दाखवायची, हा प्रकार जुन्या वाड्यांत आणि चाळींत नवा नाही. आमच्या लहानपणी दाराच्या मागे तारेचा आकडा होता, आई भाड्याची प्रत्येक पावती त्याला टोचून ठेवायची. काळानं पिवळट झालेला तो गठ्ठा पुढे कोर्टात कामाला आला तेव्हा कळलं, ती घराची कागदपत्रंच सांभाळत होती.

२७,००० रुपये आणायचे कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण भिशीचा उल्लेख केलात. भिशी आधी उचलता आली तर उत्तम. नाहीतर थोडं सोनं बँकेत तारण ठेवा. खासगी सावकाराच्या दारात जाऊ नका. पूर्ण रक्कम जमतच नसेल तर हप्त्यांची लेखी मागणी करा आणि त्यांचं उत्तर लेखीच मागा. निम्मं भाडं भरून निम्मं संरक्षण मिळत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

समजा १ ऑक्टोबर हुकला आणि दावा लागला. तरी कायद्यानं आणखी एक संधी ठेवली आहे. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज, असं न्यायालयात भरलं, दाव्याचा खर्च न्यायालय सांगेल तसा दिला, आणि निकाल लागेपर्यंत दरमहाचं भाडं न चुकता भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. १,८०० रुपयांवर महिन्याचं व्याज २२ रुपये ५० पैसे पडतं. सर्वात जुन्या महिन्याचं १४ महिने, त्यानंतरच्याचं १३ महिने असं धरत आलं, तर जूनअखेरच्या थकबाकीवर व्याज होतं २,३६२ रुपये ५० पैसे. इतका लहान आकडा आहे तो. लोकांची घरं या आकड्यापायी जात नाहीत, तारखेपायी जातात.

माझ्या ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं. समन्स आल्यावर ते गावी गेले, दोन एकराचा व्यवहार करून पैसे घेऊन आले, आणि वकिलाच्या टेबलावर नोटांची पिशवी ठेवली तेव्हा ९४वा दिवस होता. वकिलांनी पिशवीकडे पाहिलंही नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ही मुदत न्यायालय वाढवून देईल, या भरवशावर कोणीही राहू नये.

म्हणूनच तुमच्या दिरांचं म्हणणं मला तुमच्या भीतीहून जास्त धोक्याचं वाटतं. केस वीस वर्षं चालेलही. पण पैसे न भरता चालली, तर ती वीस वर्षं तुम्ही हरत असता. भाडेकरूला संरक्षण आहे ते 'भाडं द्यायला तयार असलेल्या' भाडेकरूला. आणि महिनाभराचं भाडं कोर्टात भरायला दोनदा विसरलं, तर तेही हातचं जाऊ शकतं. ही जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. मला वाटतं ते माणूस तुम्हीच.

मालकाच्या मुलाबद्दलही दोन शब्द, कारण तुम्ही रागातसुद्धा त्याला 'भाऊजी' लिहिलं आहे. पेठेतल्या दोन खोल्यांचे १,८०० रुपये म्हणजे त्याच्या हाती फारसं काही येत नाही. महानगरपालिकेचा कर आणि वाड्याची डागडुजी त्यालाच बघायची. जुन्या कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवली होती आणि ती तरतूद वाजवी राहिलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच १९९७ साली म्हटलं. त्यानंतरच सध्याचा कायदा आला. तेव्हा तुमच्या उत्तरात ४ टक्के वाढ स्वतःहून देऊ केलीत, तर ते न्यायाचं होईल. पण त्याची तक्रार खरी असली म्हणून मोटार बंद करण्याचा हक्क त्याला मिळत नाही. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास अशा आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडायला कलम २९ नं मनाई आहे आणि तो गुन्हा आहे. न्यायालय त्या सोयी तातडीनं चालू करायचा हुकूम देऊ शकतं. पुन्हा तसं झालं तर भांडत बसू नका. तारीख, वेळ, बंद मोटारीचा फोटो, आणि त्या दिवशी पाणी कुठून आणलंत ते वहीत लिहा. शेजारच्या दोघांना विचारून ठेवा, त्यांचंही पाणी गेलं होतं ना? एखाद्या दिवशी दाराला परकं कुलूप दिसलं तर ११२ ला फोन करा. 'हा दिवाणी मामला आहे' असं उत्तर मिळालं तरी तक्रार लेखी द्या आणि पोहोच घ्या. कायद्याचा मार्ग सोडून घराबाहेर काढलेल्या माणसाला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. दावा लागायच्या आधीच तशी भीती वाटत असेल तर वकिलाला मनाई हुकमाबद्दल विचारा.

आता त्या एक लाखाबद्दल. जागा सोडणं चूक आहे, असं मी म्हणणार नाही. पतीची नवी नोकरी चाकणला लागणार असेल, वाड्याचा जिना पावसाळ्यात भीती घालत असेल, तर निघण्याचा विचार जरूर करा. पण थकबाकीच्या ओझ्याखाली वाकून तो सौदा करू नका. आधी २७,००० भरा, मग समोरासमोर बसा. तुमच्या पत्रात एक ओळ कंसात आहे, 'वाडा बिल्डरला द्यायचं चाललंय असं ऐकतो'. खरं तर ती पत्राची पहिली ओळ असायला हवी होती. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून जागा हवी असेल, तर त्याची कायद्यात वेगळी वाट आहे आणि तिच्यात भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याच्या अटी येतात. शहराच्या बांधकाम नियमांतही भाडेकरूंच्या पुनर्वसनाची तरतूद आहे. थकबाकीच्या कारणानं भाडेकरू आधीच गेला, तर यातलं काहीच द्यावं लागत नाही. समोरच्याच्या मनात तेच आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या सहीची किंमत १४ महिन्यांच्या भाड्यावरून ठरत नाही, हे त्याच्याइतकंच तुम्हालाही माहीत असू द्या.

भाडेहक्क सोडण्याबद्दल भाडेकरूनं मोबदला घेणं कायदेशीर आहे, कलम ५६ तशी मुभा देतं. तेव्हा मोबदला मागताना संकोच नको. एका लाखात नव्या घराचं डिपॉझिट, दलाली, टेम्पो आणि नव्या भाड्याचे किती महिने निघतात, ते पाटीवर मांडून बघा. उत्तर तुमचं तुम्हालाच दिसेल. निघायचं ठरलंच तर करार वकिलानं वाचलेला आणि नोंदवलेला हवा, पैसे बँकेतून यावेत आणि खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यावी. त्याच वाड्यात नवं घर घ्यायचं ठरलं तर क्षेत्रफळ, मुदत आणि मधल्या काळातलं भाडं कोण भरणार, हे सगळं करारात आकड्यांत लिहिलेलं असावं.

वकिलाची फी परवडणार नाही, असं लिहिलंत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. जाताना नोटीस, तिच्या तारखा लिहिलेला कागद आणि पावत्या एवढं सोबत न्या.

अशाच अडचणीतले काही वाचक 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहत असतील. त्यांनी वरचं सगळं स्वतःला लागू करू नये. अकरा महिन्यांच्या नोंदवलेल्या करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. त्याला ९० दिवसांचं हे कवच नाही. कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो, दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागू शकतो, आणि समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आपली बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही तर निकाल विरोधात जातो. 'डिपॉझिटमधून वळतं करा' हे आपण ठरवून चालत नाही, मालकाची लेखी संमती लागते. अशा वेळी लवकर बोलून, महिना-दोन महिन्यांची मुदत लिहून घेणं शहाणपणाचं. तरीही कुलूप बदलणं किंवा सामान जिन्यात काढणं तिथेही मालकाच्या हाती नाही. आणि करार नोंदवलेलाच नसेल, तर ती जबाबदारी मालकाची होती. अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं.

ताई, दारावरच्या नोटिशीचा तारीख दिसेल असा फोटो तुमच्याकडे आहेच. आता ती हलक्या हातानं, ओल्या फडक्यानं डिंक सोडवून काढा आणि फाईलमध्ये घाला. सासऱ्यांच्या काळातल्या पावत्या माळ्यावरच्या ट्रंकेत असल्याचं तुम्ही लिहिलंत. त्या खाली काढा आणि तारीखवार लावायचं काम मुलीकडे द्या. दहावीतली पोर आहे, एका रविवारात लावेल, आणि दारावर काय चिकटवलं होतं तेही तिला नीट कळेल.